रात्रीची गोळी, सकाळचं पपनस

मेडिकलात काउंटरमागं उभी असलेली बाई आमच्या कोल्हापुरात कुणाच्या खिजगणतीत नसते. डॉक्टरसमोर माणूस हात जोडून बसतो, नर्सला वचकून असतो, एक्स-रे काढणाऱ्यालासुद्धा 'साहेब' म्हणतो. आमच्यासमोर आला की त्याला कोथिंबीर घ्यायला आल्यासारखं वाटतं. "ओ ताई, ती गुलाबी गोळी द्या दोन." कसली गुलाबी? "आवो, नेतोय की नेहमी!" असल्या गुलाबी गोळ्या ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली. डी. फार्म. केलं, लायसन्स काढलं, ते काच लावून भिंतीवर टांगलं आणि त्याच्याखाली जन्मभर उभी राहिले. त्या लायसन्सकडं बघून कुणी एक शब्द कधी विचारला असेल तर शपथ. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता तिथं दुसरी मुलगी उभी असते, तीही 'ओ ताई'च.

दिवाळी अंक लोक फराळ खाता खाता वाचतात, त्यांना हसायला काहीतरी हवं असतं, हे मला कळतं. हसण्यासारखं माझ्याकडं बक्कळ आहे. ते आधी देऊन टाकते, कारण पुढचं तसं नाही.

आमचं दुकान शिवाजी पेठेत, तालमीपासून हाकेच्या अंतरावर. पेठेत घरटी एक हृदयाचा पेशंट. का नसावा? रविवारी मटणाच्या दुकानासमोर जी रांग लागते तशी रांग मी मतदानालाही बघितली नाही. मग छातीत कळ येते, ॲन्जिओप्लास्टी होते, हृदयाच्या नळीत स्टेंट, म्हणजे जाळी, बसतो आणि चिठ्ठीवर रोज रात्री घ्यायची कोलेस्टेरॉलची गोळी लागते. गोळी साधी आहे. शरीरात चरबी तयार करणारा कारखाना म्हणजे आपलं लिव्हर. ही गोळी त्या कारखान्याला लगाम घालते आणि नळ्यांच्या भिंतीवर बसलेला थर शांत ठेवते. ती रोज घ्यायची असते. आज घेतली आणि आजच गुण आला, असं त्यात काही नसतं.

हे आमच्या लोकांना पटत नाही. कबनूरचा एक यंत्रमागवाला कामासाठी आठवड्याला कोल्हापुरात यायचा. बोलायचा मोठ्यानं, मागांच्या खडखडाटात जन्म गेलेला. त्याची महिन्याची गोळी तीन-तीन महिने पुरायची. मी म्हटलं, "पावणं, रोज घेताय न्हवं?" तर म्हणाला, "रोज कशाला? मटण काय रोज आस्तंय व्हय? तांबड्या रश्शावर एक घेतो, पांढऱ्यावर एक घेतो. वरणभातावर वाया कशाला घालवायची!" दुकानातली सगळी हसली. मीही हसले. मग त्याला बाजूला घेऊन समजावलं, की ही गोळी म्हणजे मटणावरचा उतारा नव्हे. त्यानं मान डोलावली, "बरोबर हाय, बरोबर हाय" म्हणाला आणि त्यानंतर पुन्हा एक पट्टीसुद्धा नेली नाही.

बिद्रीकडचा एक ऊसवाला होता. त्याचा प्रश्न वेगळा. "ताई, गोळीवर दारू चालतीया काय?" नाही म्हटलं. लिव्हरवर दोघांचा भार पडतो. "मग दारूवर गोळी चालती काय?" तेही नाही म्हटलं. "न्हाय, आधी कुठली घ्यायची त्यावर आस्तंय की कायतरी!"

आणि एक बाई होत्या, शिकलेल्या, नवरा बँकेतून निवृत्त. आलं, लसूण, लिंबू आणि व्हिनेगर आटवून त्यांनी काढा केला आणि नवऱ्याची गोळी परस्पर बंद केली. "नैसर्गिक असतं ना हे," म्हणाल्या. नैसर्गिक! नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत ज्यानं कुणी पसरवली त्याला एकदा माझ्या काउंटरमागं उभा करायला पाहिजे. धोतराही नैसर्गिकच की. घाला काढ्यात.

माझी अडचण अशी, की मला हे सगळं सांगायची खोड. डॉक्टरकडं वेळ नसतो, गोळीच्या पाकिटातला कागद मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत, आणि आपले लोक तर पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या नेणारे. मग सांगायचं कुणी? मालक मागनं खाकरायचे. "ताई, गर्दी वाढलीया." मालक वाईट नव्हते. पण त्यांच्या लेखी मी गोळी काढून देणारा हात होते, त्या हाताला तोंड असायचं कारण नव्हतं.

आता वस्तादांचं सांगते.

तात्या वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचा जुना माणूस. एकेकाळी त्यांनी भल्याभल्यांना आस्मान दाखवलेलं. सत्तरी ओलांडली तरी रोज पहाटे तालमीत, मग गवळ्यांच्या कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध. अंगकाठी अजून दारात मावणार नाही अशी. पेठेत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. कुणाच्या घरात भावाभावांचं वाजलं तर पोलीस नंतर, वस्ताद आधी. माझा थोरला भाऊ, अण्णा, त्यांचा पठ्ठ्या. लहानपणी आमच्या आईनं त्याला त्यांच्या पायावर घातलेला, तो तिथनं कधी उठलाच नाही. नोकरी, लग्न, पोरं झाली, तरी वस्तादांनी बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा.

दोघांच्याही हृदयात स्टेंट. वस्तादांना आधी बसला, वर्षभरानं अण्णाला. दोघांना रात्रीची तीच गोळी, वस्तादांना जास्त ताकदीची. अण्णाच्या गोळ्या मीच घरी पोचवायची. वस्तादांच्या घरनं त्यांच्या मंडळी, आक्का, यायच्या.

गणपतीच्या दिवसांत बावड्याकडच्या एका चेल्यानं वस्तादांना पोतंभर पपनसं आणून दिली. मोठाली, आतनं गुलाबी, गोड. आणि त्याच सुमाराला तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीतरी फिरत आलं, की परदेशात ग्रेपफ्रूट नावाचं फळ खाऊन कोलेस्टेरॉल उतरवतात. कुणीतरी शहाण्यानं खाली लिहिलं, 'हे म्हणजे आपलं पपनसच की!' झालं. वस्ताद रोज सकाळी व्यायाम झाला की तांब्याभर पपनसाचा रस प्यायला लागले.

मला हे अण्णाकडनं कळलं, मोठ्या कौतुकानं सांगत होता. त्या शहाण्याचं एक बरोबर होतं, पपनस ग्रेपफ्रूटच्याच भावकीतलं. पण ही भावकी त्या गोळीची वैरी. पोटात गेलेल्या गोळीतला काही भाग आतडं आणि लिव्हर मोडून टाकतात, उरलेला रक्तात जातो. किती मोडणार हे धरूनच गोळीची ताकद ठरवलेली असते. या फळाचा रस ते मोडायचं कामच बंद पाडतो. मग रोज एक गोळी घेणाऱ्याच्या अंगात अनेक गोळ्या घेतल्यासारखं औषध साठत जातं. सगळ्याच कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं असं होत नाही, काहींचंच होतं. वस्तादांची नेमकी त्यातली.

मी त्याच दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले. वस्ताद घराच्या पुढच्या सोप्यात बसून पपनसच सोलत होते. म्हणाले, "ये सुमे. घे फोड."

"वस्ताद, ही गोळी चालू असताना पपनस खायचं नसतं. डॉक्टरांना विचारा पायजे तर."

"आगं, देवाला वाहतोय आपण हे फळ. देवाचं फळ माणसाला बाधतंय व्हय?"

"फळ वाईट न्हाई वो. गोळीसंगट वाईट."

वस्ताद हसले. "गोळीसंगट कुठं? गोळी रात्री घेतो, रस सकाळी पितो. दोघांची गाठच पडत न्हाई. आखाड्यात जोड उतरलीच न्हाई तर कुस्ती हुईल कशी?"

सोप्यात चारपाच माणसं होती, खो खो हसली. मी सांगितलं, की रसाचा परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, वेळ बदलून उपयोग नाही. पण असल्या हशापुढं खरं बोलणं फिकं पडतं. अण्णा मला दारापर्यंत सोडायला आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सुमे, चार माणसांत वस्तादास्नी शिकवू नगंस. बरं दिसत न्हाई."

बरं दिसत नाही. आमच्या पेठेत बरं दिसण्यासाठी माणसं काय काय करतील सांगता येत नाही.

पुढं दहा-पंधरा दिवसांत वस्तादांच्या मांड्या आणि खांदे दुखायला लागले. इथं मास्तर असता, कारकून असता, तर म्हणाला असता, माझे स्नायू दुखतात आणि मी काही केलेलं नाही, डॉक्टरकडं चला. कारण या गोळीचं औषध अंगात साठलं की ते आधी स्नायूंवरच जातं. कारण नसताना अंग दुखणं हीच त्याची पहिली खूण. पण पैलवानाच्या दुखण्याला कारण असतंच! मांड्या दुखल्या म्हणजे मांड्या भरल्या, मेहनत अंगाला लागली. पैलवान त्या दुखण्यावर खूश असतो. वस्ताद तर हरखले. "ह्या वयात आंग धरालंय बघा! रसाचा गुण!" आणि त्यांनी बैठका वाढवल्या. तालमीतले दोन गडी सकाळ-संध्याकाळ तेल लावून त्यांना रगडायला लागले. आधीच फाटत चाललेल्या स्नायूंना माणसं प्रेमानं रगडत होती, आणि मी लायसन्सखाली उभी राहून पट्ट्या कापत होते.

मग लघवीचा रंग बदलला. काळ्या चहासारखी व्हायला लागली. फाटलेल्या स्नायूंचा गाळ रक्तातनं किडनीत जातो, आणि न्हाणीची मोरी तुंबावी तशी किडनी तुंबते. ही धोक्याची घंटा. कुणालाही भीती वाटावी अशी. पण आम्हा कोल्हापूरकरांकडं प्रत्येक गोष्टीला एक शब्द तयार असतो, 'उष्णता'. लघवी लाल झाली? उष्णता. तोंड आलं? उष्णता. आणि उष्णतेवर थंड काय? पपनस! एक तांब्या होता त्याचे दोन झाले. माणूस बुडतोय आणि वरनं पाणी ओततायत, असा सगळा प्रकार.

मला हे सगळं कळलं ते आक्कांमुळं. त्या दुकानात आल्या आणि दुखण्यावर चोळायचं मलम मागितलं. मी विचारलं तशा रडायलाच लागल्या. "दोन दिस झालं उठवंना झालंय. हात वर करून चूळ भरता येईना. लघवी तर निस्ती काळी. कुणाला सांगू नगंस म्हणत्यात." मी मालकांना काही न विचारता काउंटर सोडून निघाले. अण्णाला फोन केला, रिक्षा घेऊन ये म्हटलं. तोही यायला कां-कू करत होता, वस्ताद रागावतील म्हणून! तेव्हा मी त्याला पहिल्यांदा शिवी दिली, थोरल्या भावाला. मग आला.

तो अवाढव्य माणूस दोघांनी धरून रिक्षात कोंबला. खासगी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं, रक्त तपासलं आणि लगेच डायलिसिसला घेतलं. मला म्हणाल्या, "उद्या आणलं असतं तर अवघड होतं." एकट्या रसानं एवढं झालं नसावं, असंही म्हणाल्या. वय, जास्त ताकदीची गोळी, तसल्या बैठका, सगळं एका दावणीला आलं. तरी दावं पपनसानंच ओढलं होतं. काही दिवसांनी किडनी पुन्हा चालायला लागली. वस्ताद पायावर उभे राहिले, काठी घेऊन का होईना. मी अंबाबाईला जाऊन आले. खरंच आनंद झाला होता मला. खोटं कशाला बोलू, थोडी मिजासही चढली होती, की आता तरी हे लोक माझं ऐकतील.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ही गोळी आता बंद. अंग सावरलं की दुसऱ्या जातीची, कमी ताकदीची सुरू करू, त्यासाठी परत या. पपनस पूर्ण बंद. यातलं वस्तादांनी ऐकलं किती? पहिले चार शब्द. ही गोळी आता बंद.

तालमीत त्यांचं स्वागत झालं. हलगी लागली, हार पडले, गुलाल उडाला. वस्ताद खुर्चीत बसून बोलले. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून ऐकत होते, लाऊडस्पीकर पेठभर घुमत होता. "मला काय झालंतं म्हायती हाय? ती कोलेस्टेरॉलची गोळी! ती गोळी माझं आंग खात हुती. डॉक्टरनंच सांगितलं, बंद करा म्हणून. बंद केली आन् उभा हाय तुमच्यासमोर! आन् इतकं हूनबी टिकलो कशावर? खाल्लेल्या दुधावर, मातीवर आन् पपनसावर!"

टाळ्या. शिट्ट्या. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्यानंतर काउंटरवर जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. माणसं चिठ्ठी पुढं करायची आणि म्हणायची, "कोलेस्टेरॉलची सोडून बाकीच्या द्या." एकामागनं एक. मी घसा फोडून सांगत होते, की बाबांनो, दोष गोळीचा नाही, गोळी आणि ते फळ एकत्र आलं त्याचा आहे. फळ सोडा, गोळी सोडू नका. अंग दुखलं तर डॉक्टरला दाखवा, पण मनानं बंद करू नका. एकजण मला तोंडावर म्हणाला, "तुमचा धंदा हाय वो ताई, तुमी सांगणारच. वस्ताद काय गोळ्या इकतोय व्हय?" मालक तेवढे म्हणाले, "नको म्हणालेत तर राहू दे की. कशाला गळी पडताय?"

भाऊबीजेला अण्णाकडं गेले. ओवाळलं. ताटात हात घालायच्या आधी गोळ्यांचं पाकीट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बाकीच्या पट्ट्या काढून घेतल्या आणि एक माझ्याकडं सरकवली. "ही नगं आणत जाऊस आता."

"अण्णा, तू पपनस खातोस?"

"न्हाई."

"आंग दुखालंय?"

"न्हाई."

"मग कशापायी सोडलीस?"

"वस्ताद म्हणाल्यात."

मी जेवले नाही. वहिनीला सांगितलं, तिनं डोळ्याला पदर लावला. ती तरी काय करणार. त्याला डॉक्टरकडं चल म्हटलं, 'बघू' म्हणाला. डॉक्टरीणबाईंशी फोन जोडून दिला, 'व्हय म्याडम, व्हय म्याडम' करून ठेवला. गोळी पिठात मळून चपातीत घालावी असंसुद्धा मनात आलं, इथवर मी आले होते. शेवटी ओरडले, "तुझ्या नळीत जाळी बसवलीया, वस्तादाच्या शब्दावर ती उघडी राहणार न्हाई!" तो शांतपणे म्हणाला, "सुमे, तू शिकलीस, तुला औषधातलं कळतंय. पण त्या माणसानं मला माणूस केलंय. तो खोटं बोलंल व्हय?"

खोटं कुठं बोलत होते ते? तीच तर पंचाईत. त्यांना ते खरंच वाटत होतं.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. एका सकाळी अण्णा नेहमीसारखा कट्ट्यावर दूध प्यायला गेला. गवळ्याकडनं पेला घेतला, कठड्यावर टेकला आणि बसल्या जागी कलंडला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गोळी चालू असती तर वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं औषधं दिली, औषधानं काय होतं आणि काय होत नाही हे मला कळतं. पण स्टेंट घातलेल्या माणसानं ती सोडली की धोका वाढतो, हेही कळतं. आणि तो रोज थोडा थोडा वाढताना मी बघत होते.

रक्षाविसर्जन झालं. माणसं येऊन टेकत होती, चहा घेऊन उठत होती. वस्ताद काठी टेकत आले, तसे सगळे उठून उभे राहिले. ते माझ्यासमोरच बसले. मग म्हणाले, "सुमे, तू मेडिकलात हुतीस की गं. घरात येवढी शिकलेली भन आसून भावाला कायतरी सांगायला पायजे हुतंस."

मी म्हटलं, "सांगितलं हुतं, वस्ताद. लई सांगितलं. त्यानं माझं ऐकलं न्हाई. त्यानं तुमचं ऐकलं."

त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले त्या एवढ्या मोठ्या माणसाचे. गमज्यानं पुसत सगळ्यांकडं बघून म्हणाले, "व्हय. ऐकायचा बिचारा. पोरवयापासनं माझ्या शब्दाभाईर कवा गेला न्हाई. आसला पठ्ठ्या पुन्यांदा मिळायचा न्हाई."